व्हिएतनामच्या रस्त्यावरचं खाणं: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते प्रश्न

मी पहिल्यांदा व्हिएतनामला गेले ती 'हा लाँग'चा समुद्र बघायला. परत आले ती हनोईच्या एका गल्लीत रोज सकाळी भेटणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंची आठवण घेऊन. त्यानंतर आणखी दोनदा जाऊन आले. प्रत्येक वेळी फोटो टाकले की तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. व्हिएतनामी शब्द देवनागरीत जमेल तितके जवळचे लिहिले आहेत. त्यातले सूर मात्र लिपीत उतरत नाहीत, त्याबद्दल प्रश्न 11 मध्ये लिहिलं आहे.

1. आठ दिवस आहेत. काय काय खाऊन यावं? यादी द्याल का?

यादी देणार नाही, आणि हे मनापासून सांगते. पहिल्या खेपेला माझ्याकडे तेवीस पदार्थांची यादी होती. चार दिवस धावत होते, तोंडात एक घास आणि डोळे पुढच्या पत्त्यावर. पाचव्या दिवशी पाय दुखले म्हणून हॉटेलखालच्याच गाडीवर बसले. सहाव्या दिवशी पुन्हा तिथेच गेले. सातव्या दिवशी त्या बाईंनी मला बघून न विचारताच वाडगा भरायला घेतला आणि स्वतःच्या शेजारचं स्टूल पुढे सरकवलं. त्या देशावर माझा जीव जडला तो त्या सकाळी.

तेव्हा एवढंच करा: प्रत्येक गावात एक सकाळची जागा धरा आणि तिथे किमान तीनदा जा. बाकीच्या वेळी भटका.

2. फो, बुन, बान, कम... ही नावं लक्षात कशी ठेवायची?

नावाचा पहिला शब्द पदार्थाची जात सांगतो आणि दुसरा त्यात काय आहे ते. एवढं कळलं की अर्धी पाटी वाचता येते.

पहिले शब्द: फो म्हणजे रश्श्यातल्या चपट्या तांदळाच्या पट्ट्या (उच्चार 'फो' नव्हे, 'फऽ' असा, शेवटी प्रश्न विचारल्यासारखा वर जाणारा). बुन म्हणजे तांदळाच्या गोल शेवया. कम म्हणजे भात, सोई म्हणजे चिकट तांदळाचा वाफवलेला भात, चे म्हणजे गोड खिरीसारखं काही. बान हा मोठा गोतावळा आहे. पिठापासून केलेलं जवळपास सगळं, पोळीपासून पावापर्यंत, बान.

दुसरे शब्द: गा कोंबडी, बो गाय, तोम कोळंबी, का मासा, चुंग अंडं. डुकराला उत्तरेत लन म्हणतात आणि दक्षिणेत हेओ. म्हणून फो गा म्हणजे कोंबडीचा फो. 'गा' आणि 'का' यांत गल्लत होते, तेवढं जपा.

अपवाद आहेतच. 'मी' म्हणजे सहसा गहू, पण मध्य व्हिएतनामच्या 'मी क्वांग'मधल्या पट्ट्या तांदळाच्या असतात.

3. आपल्या जिभेला ते सपक लागत नाही का?

पहिल्या घासाला लागतं. आपण मसाला पातेल्यात घालून देतो, ते चव टेबलावर पूर्ण करतात. वाडग्याबरोबर लिंबाची फोड, चिरलेली मिरची, मुरवलेला लसूण आणि पालेभाजीची टोपली येते. ती सजावट नाही, जेवणाचा भाग आहे. पानं खुडून रश्श्यात टाका, लिंबू पिळा, मग चव बघा. उत्तरेत चव शांत असते, मध्य व्हिएतनामच्या हुए शहरात खरं तिखट मिळतं, दक्षिणेकडे गोडसर.

त्या टोपलीत एक पान असतं, दिएप का नावाचं, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं. त्याला कच्च्या मासळीचा वास येतो. आवडलं नाही तर बाजूला ठेवा, कुणी काही म्हणत नाही.

4. तिथलं काही आपल्यासारखं असतं का? की सगळंच नवीन?

हा माझा लाडका प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

हनोईत बान कुओन करणाऱ्या एका बाईंसमोर मी पहिल्यांदा बसले तेव्हा माझ्या घशात आवंढा आला. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पांढरं फडकं ताणून बांधलेलं. त्यावर त्यांनी पळीभर तांदळाचं पातळ पीठ ओतलं, पळीच्या बुडाने गोल फिरवत पसरलं आणि वर झाकण ठेवलं. मिनिटभरात झाकण काढलं, वाफेचा लोट अंगावर आला, आणि बांबूची चपटी काडी खालून सरकवून त्यांनी तो पारदर्शक पापुद्रा अलगद उचलला. आजीकडे उन्हाळ्यात वाळवणं चालायची तेव्हा आम्ही पोरं ओल्या सालपापड्यांसाठी अशीच ताटकळत बसायचो. भिजवलेल्या तांदळाचं पीठ, तीच वाफ, तोच ओला तांदळाचा वास. फरक इतकाच की या पापुद्र्यात अळंबी आणि डुकराच्या मांसाचं सारण भरून गुंडाळी करतात आणि वर तळलेला कांदा भुरभुरतात. आणि गंमत पुढेच आहे: असाच पापुद्रा बांबूच्या तट्ट्यांवर उन्हात वाळवला की त्याचा बान चांग होतो, ज्यात गुंडाळ्या बांधतात. म्हणजे वाळवणसुद्धा आहेच.

बुनच्या शेवया पीठ छिद्रांतून उकळत्या पाण्यात दाबून करतात. ज्यांनी कोकणात शिरवाळे खाल्ले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. बान सेओ म्हणजे तांदळाचं पीठ, हळद आणि नारळाचं दूध घालून केलेलं कुरकुरीत घावन, आत कोळंबी, डुकराचं मांस आणि मोड आलेले मूग. तव्यावर पीठ पडताना जो 'सेओऽ' आवाज होतो, त्यावरून त्याचं नाव पडलं. बान खोत या छोट्या गोल घावनांचा साचा बघाल तर तुम्हाला आपलं आप्पेपात्रच वाटेल.

सायगावचा (म्हणजे आजच्या हो ची मिन्ह सिटीचा) कम ताम म्हणजे कण्यांचा भात. भात कांडताना तुटलेला तांदूळ विकला जात नसे, तो शेतकरी घरी खात. आज तोच भात, वर भाजलेलं मांस आणि अंडं, शहराची ओळख होऊन बसला आहे. आपल्याकडे कण्या अजून गरिबाच्या ताटातून वर आल्या नाहीत, याचं मला तिथे फार वाटलं.

हनोईची चा का ही मासळी हळदीत मुरवून, तव्यावर भरपूर शेपू घालून परततात. हो, शेपू! शेपूचं नाव काढलं की नाक मुरडणारा माझा भाऊ तिथे दोनदा मागून खातो.

आणि फोचा मसाला: बाद्यान, दालचिनी, मसाला वेलची, लवंग, धणे. शिवाय कांदा आणि आलं थेट विस्तवावर काळं होईपर्यंत भाजून घेतात. हा गोडा मसाला आणि भाजलेलं वाटण यांचा चुलतभाऊच म्हणायचा. व्हिएतनामच्या उत्तरेला लांग सोन प्रांतात बाद्यान पिकतं, आणि तिथला बराच माल भारतात येतो. तुमच्या मसाल्याच्या डब्यातलं चक्रीफूल कदाचित तिथलंच असेल.

बान मीचं म्हणाल तर पाव फ्रेंचांनी आणला. 1954 नंतर सायगावात तो पोटात चिरून त्यात पाते (यकृत-मांसाचा मऊ लगदा), मांसाच्या चकत्या, गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं, काकडी, कोथिंबीर आणि मिरची भरायची पद्धत रुळली. पोर्तुगीजांच्या पावात वडा घालणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

5. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. तिथे उपाशी राहू का?

नाही राहणार, पण आधी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा.

पहिली: 'मांस नको' असं म्हणणं पुरेसं नाही. मांसाचे तुकडे काढून देतील, रस्सा हाडांचाच राहील. टंचाईच्या काळात मांस नसलेल्या फोला तिथले लोक 'बिनवैमानिकाचा फो' म्हणत. विमान आहे, चालवणारा नाही. तसला वाडगा तुमच्या पुढ्यात येऊ शकतो. भाज्यांवरही मासळीचं न्युक माम पडतं (ते काय आहे ते प्रश्न 8 मध्ये).

दुसरी: त्यांच्याकडे आपल्यासारखाच एक शब्द आणि त्यामागे एक पूर्ण परंपरा आहे. तो शब्द म्हणजे 'चाय'. बौद्ध धर्मात मांस-मासळी वर्ज्य असलेलं अन्न. 'तोय आन चाय' म्हणजे मी शाकाहारी आहे. कम चाय अशी पाटी असलेल्या खाणावळी लहान गावांतही सापडतात. पुष्कळ लोक चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला चाय खातात. त्या दोन दिवशी एरवी मांस विकणाऱ्या काही गाड्यांवरही चाय मिळतं, आणि खाणावळींत गर्दी उसळते. आपल्या एकादशीसारखंच, फक्त तिथे पोटभर जेवायचं असतं. जमलं तर प्रवासाचे दिवस पौर्णिमा बघून ठरवा. पॅगोडा भरपूर असलेलं हुए शहर चाय जेवणासाठी सगळ्यांत उत्तम. फणसाची भाजी, केळफुलाची कोशिंबीर, अळंबीचे नाना प्रकार, असं जेवण मी तिथे जेवले की बरोबरच्या मांसाहारी मंडळींनीही दुसरीकडे जायचं नाव काढलं नाही.

चाय खाणावळीत घाबरवणारी एक गोष्ट घडते. पाटीवर 'गा', 'बो' लिहिलेलं असतं आणि ताटात हुबेहूब मांसासारखं काहीतरी येतं. ते सोयाबीन, गहू किंवा अळंबीचं असतं. पाटीवर चाय असेल तर निर्धास्त खा.

रस्त्यावर सहज मिळणारं: भाजलेलं कणीस, भाजलेलं रताळं, मुगाचं आणि नारळाच्या दुधाचं चे, फळं, आणि रसवंतीवरचा उसाचा रस. त्यात आपण लिंबू-आलं घालतो, तिथे छोटं आंबट संत्रं पिळतात. लसणावर परतलेली नाळीची भाजी सगळीकडे असते, पण न्युक माम घालू नका असं सांगून घ्या. सकाळचा सोई सेओ, म्हणजे हळदीचा चिकट भात आणि वर मुगाच्या गोळ्याचे पातळ काप, बघायला शाकाहारी वाटतो. त्यावर कोंबडीची किंवा डुकराची चरबी ओततात, ती नको म्हणा.

6. कांदा-लसूणही चालत नाही. जैन जेवण मिळेल?

अनेकांना आश्चर्य वाटतं, पण पॅगोडाच्या जवळच्या कडक चाय खाणावळींत कांदा, लसूण, पात हे आधीच वर्ज्य असतं, कारण तिथल्या बौद्ध परंपरेत या उग्र वासाच्या गोष्टी निषिद्ध मानतात. साध्या चाय खाणावळीत मात्र विचारून घ्या. कंदमुळांचं बंधन त्यांच्याकडे नाही. गाजर, मुळा, रताळं, टॅरो (अळकुड्या) सगळीकडे असतं, ते स्वतःलाच टाळावं लागेल. लांबच्या प्रवासासाठी खाकरे आणि मेतकूट सोबत असू द्या.

7. मांसाहार करतो, पण गोमांस नाही. मग फो सोडायचा का?

मुळीच नाही. फो गा मागा. हनोईत फक्त कोंबडीचाच फो करणारी दुकानं आहेत, तीच शोधा. जिथे दोन्ही मिळतं तिथे कोंबडीच्या वाडग्यातही गायीच्या हाडांचा रस्सा असू शकतो.

फोचा जन्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, उत्तरेकडच्या नाम दिन्ह आणि हनोईच्या परिसरातला. फ्रेंच वसाहतीमुळे गायी कापल्या जाऊ लागल्या, हाडं उरू लागली आणि ती रश्श्यात गेली. त्यामुळे नुसतं 'फो' म्हटलं की बहुतेक ठिकाणी गोमांसाचाच येतो. बुन बो हुएच्या नावातच बो आहे. बुन चामध्ये कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस असतं. 2016 च्या मे महिन्यात बराक ओबामा हनोईत प्लास्टिकच्या स्टुलावर बसून जे जेवले, ते हेच.

डुकराचं मांसही चालत नसेल तर सायगावात दाँग यू रस्त्यावरच्या 1935 सालच्या मशिदीच्या आसपास हलाल खाणावळी आहेत.

8. ते माशाचं उग्र पाणी सगळ्यात घालतात म्हणे. सहन होतं का?

न्युक माम. छोटी मासळी आणि मीठ, साधारण तिनास एक, लाकडी पिंपात भरून वर्षभर मुरवतात आणि खाली झिरपणारा तपकिरी रस गोळा करतात. फू क्वोक बेटावरचं आणि फान थिएतचं प्रसिद्ध. फू क्वोकच्या न्युक मामला युरोपीय संघाने 2012 मध्ये त्या बेटाच्या नावाचं संरक्षण दिलं.

बाटली हुंगाल तर नको वाटेल. सुकटीचा बाजार आठवेल. पण कुणी ते नुसतं पीत नाही. लिंबू, साखर, पाणी, लसूण आणि मिरची घालून त्याची जी पातळ चटणी होते, तिला वास राहत नाही, फक्त खोली राहते. ज्या घरात सुकट-बोंबील आवडीने खातात त्यांना दुसऱ्या दिवशी सवय होते.

9. नकळत कुत्र्याचं मांस पोटात जाईल का?

नाही. ते ठरावीक दुकानांतच, 'थित चो' अशी पाटी लावून विकतात, महाग असतं, आणि कुणी ते फोमध्ये गुपचूप मिसळत नाही. होई आन शहराने 2021 मध्ये हा व्यापार थांबवण्याच्या करारावर सही केली. तरुण पिढीतल्या पुष्कळांना ते नको वाटतं. एक विनंती: पहिल्या ओळखीत कुणा व्हिएतनामी माणसाला हा प्रश्न विचारू नका. त्यांना तो टोचतो.

10. पोट बिघडणार नाही ना? बर्फ चालतो का?

गर्दी बघा. जिथे स्थानिक माणसं रांगेने बसली आहेत आणि पातेलं दोन तासांत रिकामं होतं, तिथलं अन्न ताजं असतं. एकच पदार्थ विकणारी गाडी बारा पदार्थांच्या हॉटेलापेक्षा भरवशाची. बर्फ मध्ये भोक असलेल्या नळकांडीसारखा असेल तर तो कारखान्यात गाळलेल्या पाण्याचा असतो, मी तो घेते. लादी फोडून काढलेला बर्फ टाळते. नळाचं पाणी पिऊ नका. कच्च्या पाल्याने त्रास होतो असा अनुभव असेल, तर पहिले दोन दिवस पानं गरम रश्श्यात बुडवून खा.

11. भाषा येत नाही. बोलायचं कसं?

एक अक्षर शिका: 'ओई'. आपल्या 'अहो'चं भावंड. त्याच्या आधी नातं लावायचं.

व्हिएतनामी भाषेत 'तू' आणि 'मी' यांच्या जागी बहुतेक वेळा नातीच येतात. समोरची थोडी मोठी बाई 'ची' (ताई), आईच्या वयाची 'को' (आत्या), आजीच्या वयाची 'बा', थोडा मोठा पुरुष 'आन्ह' (दादा), आणि लहान कुणीही 'एम'. म्हणून हाक मारायची 'ची ओई!', म्हणजे 'अहो ताई!'. भाजीवाल्या मावशी आणि रिक्षावाल्या दादांशी बोलत वाढलेल्या आपल्या माणसांना हे इंग्रजीपेक्षा किती जवळचं आहे! म्हणूनच गाडीवरच्या बाई तुम्हाला आधी वय विचारतात. त्यात आगाऊपणा नाही, तुम्हाला काय म्हणायचं ते त्यांना ठरवायचं असतं. मीही वय सांगितलं, तेव्हापासून मी त्यांची 'चाऊ' झाले, नातीच्या जागेवर.

सुरांचं मात्र खरंच अवघड आहे. उत्तरेत सहा सूर आहेत, आणि 'मा' हा एकच उच्चार सुरानुसार भूत, आई, पण, थडगं, घोडा किंवा भाताचं रोप होतो. म्हणून महत्त्वाची वाक्यं (शाकाहाराचं, ॲलर्जीचं) हॉटेलातल्या माणसाकडून कागदावर लिहून घ्या आणि दाखवा. बाकी 'काम अन' (आभार) आणि 'ङोन क्वा' (फार चविष्ट) एवढं चुकीच्या सुरात म्हटलंत तरी समोरचा चेहरा खुलतो. 'ङोन'मधला ङ वाङ्मयातलाच, फक्त शब्दाच्या सुरुवातीला आलाय. आणि चहाला उत्तरेत 'चा' म्हणतात, गावाकडे आपण म्हणतो तसंच.

12. पैशांचं गणित कसं करायचं? फसवतात का?

एका रुपयाला साधारण तीनशे डाँग धरा. शेवटची तीन शून्यं बोलताना गाळतात, म्हणजे 'पन्नास' म्हणजे पन्नास हजार. बान मी साधारण 20 ते 35 हजार, फोचा वाडगा 40 ते 70 हजार, बर्फ घातलेला चहा पाच हजारांच्या आसपास. पर्यटकांच्या चौकात जास्त.

20 हजार आणि 5 लाख या दोन्ही नोटा निळसर असतात. मी एकदा संध्याकाळच्या अंधारात बर्फाच्या चहाचे पैसे म्हणून 5 लाखांची नोट देऊन उठले. अर्धी गल्ली ओलांडली तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. चहावाल्या बाई नोट हातात धरून पळत आल्या होत्या. त्या दमल्या होत्या, आणि माझ्यावर रागावल्याही होत्या, नीट बघून देत जा म्हणून. तेव्हा नोटा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. आणि जिथे भाव लिहिलेला नाही तिथे बसण्याआधी विचारा: 'बाव न्यिउ?'

13. घासाघीस चालते का? आणखी काय पाळायचं?

खाण्यात घासाघीस करू नका. बाजारात चालते, पण सकाळी पहिलं गिऱ्हाईक होऊन नुसतं भाव पाडून निघून जाऊ नका. तिथेही भवानी असते, त्याला 'म हांग' म्हणतात. पहिला सौदा फिसकटला तर दिवस वाईट जातो अशी समजूत आहे.

चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, मृतासाठी लावलेल्या उदबत्त्या तशा दिसतात. दुकानात दाराजवळ जमिनीवर छोटा लाल देव्हारा असतो, पुढे फळं, कधी कॉफीचा पेला. तो ओलांडू नका. घराघरांत पूर्वजांचा देव्हारा असतो. दरवर्षी चांद्र तिथीला त्यांच्या नावाने स्वयंपाक होतो, आधी पूर्वजांना ताट, उदबत्ती विझली की मग घरच्यांना. आपल्या श्राद्धाची पानं आठवतात. कुणी अशा जेवणाला बोलावलं तर नक्की जा, फळं घेऊन.

14. हनोई, होई आन की सायगाव? एकच निवडायचं झालं तर?

हनोई. हे माझं मत, त्यावर वाद घालायला माझी बहीण तयार आहे, ती सायगावची. हनोईत एकेक गाडी पिढ्यान्‌पिढ्या एकच पदार्थ करते. होई आनमध्ये काओ लाऊ खा, ज्याच्या पट्ट्या राखेच्या पाण्यात भिजवून करतात आणि पाणी बा ले विहिरीचंच लागतं असं गावकरी सांगतात. तिथून तासाभरावर 'मी सोन' इथे, जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांनी बांधलेली शिवमंदिरं आहेत. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे जतनाचं काम केलं, आणि 2020 मध्ये त्यातच एक अखंड शिवलिंग सापडलं. हुएचं चाय वर सांगितलंच (प्रश्न 5). तिथला कम हेन म्हणजे इवल्या शिंपल्यांचा भात, तिसऱ्या आवडणाऱ्यांनी चुकवू नये.

सगळंच बघायचं तर हनोई ते सायगाव रेल्वेने 1,726 किलोमीटर आहे. आठ दिवसांत तो हट्ट धरू नका.

15. अंड्याची कॉफी खरंच पितात? वास येत नाही?

येत नाही. 1946 मध्ये हनोईत दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुएन वान जांग यांनी अंड्याचा बलक साखरेबरोबर फेसून दुधाऐवजी कॉफीवर घातला. त्यांच्या नावाचं कॅफे आजही चालू आहे. पेला गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात, चमच्याने खायची.

रोजची कॉफी मात्र वेगळी: पेल्यावर ठेवलेल्या पत्र्याच्या छोट्या गाळणीतून, फिनमधून, थेंब थेंब पडणारी, खाली घट्ट गोड दूध. व्हिएतनाम कॉफीच्या उत्पादनात जगात दुसरा आहे आणि बहुतेक बी रोबस्टा, म्हणून कडक. संध्याकाळी पाचनंतर घेतलीत तर झोपेची आशा सोडा.

16. आई-बाबांना नेतोय. ती बुटकी स्टुलं त्यांना जमतील?

गुडघे दुखत असतील तर नाही. पण तेच अन्न आत टेबल-खुर्ची असलेल्या छोट्या दुकानांतही मिळतं. दुपारी 'कम बिन्ह झान' लिहिलेल्या खाणावळीत जा. काचेमागे पंधरा-वीस भाज्या-कालवणं असतात, बोट दाखवायचं, भाताबरोबर ताट भरून मिळतं. माझ्या आईला फो पेक्षा हेच जास्त आवडलं, कारण शेवटी वाटीभर पातळ सार मिळतं. रस्ता ओलांडताना त्यांचा हात धरा, एका संथ गतीने चालत राहा आणि मध्येच थांबू किंवा मागे फिरू नका. दुचाकी तुम्हाला वळसा घालून जातात.

17. तेतच्या सुट्टीत जावं का?

खाण्यासाठी जात असाल तर नको. तेत हे त्यांचं चांद्र नववर्ष, 2027 मध्ये 6 फेब्रुवारीला. त्या आठवड्यात गाडीवाल्या बाई गावी जातात आणि रस्ते सुने पडतात. आधीचा आठवडा मात्र सुंदर असतो: फुलांचे बाजार, आणि रात्रभर चुलीवर शिजणारे बान चुंग. चिकट तांदूळ, मूग आणि डुकराचं मांस हिरव्या पानात चौकोनी बांधून दहा-बारा तास शिजवतात, घरचे सगळे विस्तवाभोवती जागतात. कुणाच्या घरी बोलावणं असेल तर या उत्तराची सुरुवात विसरा आणि तेतलाच जा.

18. 'शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं' असा संदेश फिरतो. तिथे तसं काही दिसतं का?

महाराज माझेही दैवत आहेत, म्हणूनच सांगते: तो संदेश पुढे पाठवू नका. तिथले लोक गनिमी काव्याचा वारसा त्यांच्याच माणसांकडे नेतात. तेराव्या शतकात मंगोलांना हरवणारा चान हुंग दाओ, ज्याच्या सैन्याने 1288 मध्ये बाख दांग नदीत लाकडी खुंट रोवून शत्रूची गलबतं अडकवली, आणि पंधराव्या शतकात मिंग सैन्याला हुसकावणारा ले लोई. हनोईचं होआन किएम तळं त्याच्याच तलवारीच्या आख्यायिकेचं. तळ्याकाठी बसून कुणाला ती गोष्ट विचारा आणि मग आपल्या भवानी तलवारीची सांगा. मी सांगितली आहे. ऐकणारी मुलगी चहा गार होईपर्यंत ऐकत होती.

19. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. जाऊ शकतो का?

जाऊ शकता, पण फार सांभाळून. आपण दाण्याचं कूट घालतो तितक्याच सहज ते बुन, मी क्वांग, कोशिंबिरी आणि चेवर भाजलेले दाणे चुरून घालतात, आणि तेच चमचे सगळीकडे फिरतात. दाण्याला उत्तरेत 'लाक' आणि दक्षिणेत 'दाऊ फोंग' म्हणतात, कागदावर दोन्ही लिहून घ्या (प्रश्न 11). ॲलर्जी तीव्र असेल तर गाडीवरचं खाणं टाळा, आणि औषध हॉटेलात न ठेवता खिशात ठेवा.

20. परत आल्यावर घरी काय करता येतं? तिथून काय आणू?

फिन आणा, हलकी असते आणि वर्षानुवर्षं टिकते. बान चांगचं पाकीट आणा. न्युक माम आणायचंच असेल तर सामानात घट्ट गुंडाळून, हातातल्या पिशवीत चालत नाही.

घरी सुरुवात चटणीपासून करा: एक चमचा न्युक माम (शाकाहारींनी सोया सॉस आणि चिमूटभर मीठ), एक चमचा साखर, एक चमचा लिंबाचा रस, चार चमचे कोमट पाणी. साखर विरघळली की लसूण आणि लाल मिरची अगदी बारीक चिरून वर सोडा. दोन्ही तरंगायला हवेत. तळाशी गेले तर पाणी जास्त झालंय, असं त्या गल्लीतल्या बाईंनी मला वाटी हलवून दाखवलं होतं. बरोबर तांदळाच्या शेवया, कोथिंबीर, पुदिना, काकडी आणि भाजलेलं पनीर किंवा कोळंबी. आमच्याकडे आता दर रविवारी रात्री हेच असतं.